स्वतःच्या गाण्यांसाठी मोबाइलवर कोणता म्युझिक प्लेअर घ्यावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. संगणकावर वर्षानुवर्षे जमवलेली सुमारे ६,००० गाणी आपण मेमरी कार्डावर घेतली आहेत. त्यांतील बहुतेक एमपी३ आणि काही फ्लॅक स्वरूपात आहेत. नव्या अँड्रॉइड फोनवर ती ऐकण्यासाठी शोधयादीत सर्वांत वर दिसलेले मोफत ॲप आपण घेतले. आता गाणी चालू असताना जाहिराती येतात, एकच अल्बम दहा-पंधरा तुकड्यांत विखुरलेला दिसतो, चॅटमधल्या व्हॉइस नोट गाण्यांच्या यादीत मिसळतात आणि स्क्रीन बंद झाल्यावर थोड्या वेळाने गाणे आपोआप थांबते. यावर सर्वांत चांगले ॲप कोणते आणि कोणत्या ॲपचा आवाज सर्वांत चांगला, असे आपण विचारले आहे.

जुनी ध्वनिमुद्रणे संगणकावर उतरवून त्यांचे संग्रह लावून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे, आणि संग्रह हातात दिल्यानंतर जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो. माझे पहिले उत्तर बहुतेकांना आवडत नाही: आपल्या चार तक्रारींपैकी खऱ्या अर्थाने ॲपची म्हणता येईल अशी एकच आहे, ती जाहिरातींची. विखुरलेले अल्बम हा फाइलींमधल्या नोंदींचा दोष आहे, व्हॉइस नोट हा फोनच्या शोधपद्धतीचा परिणाम आहे आणि मध्येच थांबणारे गाणे हे बॅटरी वाचवण्याच्या व्यवस्थेचे काम आहे. या तीन गोष्टी तशाच ठेवून आपण दहा ॲप बदललीत, तरी त्याच तक्रारी थोड्याफार फरकाने पुन्हा समोर येतील.

विखुरलेल्या अल्बमांपासून सुरुवात करतो, कारण सर्वाधिक वेळ तिथेच जातो. प्लेअर फाइलीचे नाव क्वचितच पाहतो. तो फाइलीच्या आत लिहिलेल्या नोंदी, म्हणजे टॅग, वाचतो. एमपी३साठीची पहिली टॅगपद्धती, आयडी३, १९९६ साली आली, आणि तिच्यात फाइलीच्या शेवटी जेमतेम १२८ बाइट जागा होती. गाण्याच्या नावाला ३० अक्षरे, गायकाला ३० आणि अल्बमला ३०, एवढ्यात सगळे बसवावे लागे. जुन्या संग्रहांत नावे अर्ध्यावर तुटलेली दिसतात ती यामुळे. पुढच्या आवृत्तीने जागेची अडचण संपवली आणि युनिकोडचीही सोय केली, परंतु अनेक जुन्या प्रोग्रॅमांनी रोमनेतर लिपीतली नावे आपापल्या सांकेतिक पद्धतीने लिहून ठेवली. अशी नावे आज चित्रविचित्र चिन्हांसारखी दिसतात. चिन्हे विचित्र असतील, तर मूळ नाव परत मिळण्याची आशा असते; त्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे लिहिली गेली असतील, तर मूळ अक्षरे गेलीच असे समजावे आणि नाव पुन्हा टंकावे.

अल्बमचे तुकडे होण्याचे मुख्य कारण मात्र वेगळे आहे. ज्या अल्बममध्ये प्रत्येक गाण्याचा गायक निराळा असतो, त्यात ‘गायक’ या नोंदीखेरीज ‘अल्बमचा कलाकार’ ही स्वतंत्र नोंद भरावी लागते, आणि ती सगळ्या गाण्यांत अक्षरशः सारखी असावी लागते. ही नोंद रिकामी असेल, तर अनेक प्लेअर गायकाच्या नावावरून गट पाडतात, आणि बारा गाण्यांचा एक अल्बम सात अल्बम होऊन बसतो. एखाद्या गाण्यात नावानंतर एक मोकळी जागा जास्त पडली असेल, तर तेवढ्यानेही वेगळा गट तयार होतो; डोळ्यांना ती दिसत नाही, प्लेअरला दिसते. हे काम फोनवर करू नका. संगणकावर एमपी३टॅग किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड यांपैकी एक प्रोग्रॅम घ्या, संपूर्ण अल्बम एकदम निवडा, ‘अल्बमचा कलाकार’ ही नोंद सर्वांना एकाच वेळी भरा आणि मग फाइली कार्डावर उतरवा. पिकार्ड इंटरनेटवरच्या माहितीकोशाशी ताडून नोंदी आपोआप भरतो. सर्वत्र वितरित झालेल्या अल्बमांसाठी हे सोयीचे असते. दुर्मीळ किंवा घरगुती ध्वनिमुद्रणांवर मात्र तो कधीकधी भलतेच नाव चिकटवतो, म्हणून जतन करण्याआधी प्रत्येक प्रस्ताव पाहावा. मूळ फाइलींची एक प्रत बाजूला ठेवल्याशिवाय यांतले काहीच सुरू करू नये, हे मी एका संग्रहाच्या तीनशे फाइलींवर चुकीची नावे चढवल्यानंतर शिकलो.

६,००० गाण्यांच्या नोंदी सुधारण्याइतका वेळ किंवा उत्साह नसेल, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. अशा वेळी ॲप निवडताना एकच गोष्ट पक्की पाहावी: त्यात फोल्डरनुसार गाणी पाहण्याची सोय आहे का, आणि एका फोल्डरमधली गाणी संपल्यावर तो पुढच्या फोल्डरकडे नीट जातो का. ज्यांनी संगणकावर फोल्डर नीट लावून ठेवले आहेत त्यांना टॅगांची गरजच भासत नाही. जाहिरातीतल्या चित्रांत ही सोय सहसा दिसत नाही. ती सेटिंगांत शोधावी लागते.

व्हॉइस नोटांचा प्रश्न सोपा आहे. अँड्रॉइड फोनवरील सर्व ध्वनिफाइलींची एक सामाईक यादी स्वतःच तयार करते आणि बहुतेक प्लेअर ती यादी जशीच्या तशी वापरतात. त्यामुळे चॅटमधले संदेश, रिंगटोन, मुलाखतींची ध्वनिमुद्रणे हे सारे त्यांना गाणेच वाटते. चांगल्या प्लेअरमध्ये यावर दोन उपाय असतात: कोणते फोल्डर वाचायचे वा वगळायचे ते ठरवणे आणि ठरावीक सेकंदांपेक्षा लहान फाइली दुर्लक्षित करणे. पहिला उपाय वापरावा. दुसऱ्याने लहान गाणी, आलापांचे तुकडे आणि काही अल्बमांतल्या प्रास्ताविका गायब होतात, आणि त्या का दिसत नाहीत हे महिनोन्महिने कळत नाही. ज्या फोल्डरकडे दुर्लक्ष व्हावे असे वाटते त्यात ‘नोमीडिया’ नावाची, आरंभी टिंब असलेली रिकामी फाइल ठेवण्याचा सल्लाही पुष्कळदा दिला जातो. तो खराच उपयोगी पडतो, पण त्याने त्या फोल्डरमधली छायाचित्रेही गॅलरीतून नाहीशी होतात, हे आधी माहीत असावे.

गाणे मध्येच थांबण्याबद्दल एवढेच सांगतो की फोनच्या सेटिंगांत त्या ॲपसाठी बॅटरीचा वापर ‘अनिर्बंध’ असा करून ठेवावा. काही उत्पादक आपल्या फोनवर अँड्रॉइडच्या मूळ नियमांपलीकडे जाऊन पार्श्वभूमीतली ॲप बंद करतात, आणि त्यांच्या फोनवर ‘आपोआप सुरू होण्याची’ परवानगी निराळी द्यावी लागते. मोठ्या अपडेटनंतर या सेटिंगा कधीकधी पूर्ववत होतात. तक्रार पुन्हा सुरू झाली तर ॲपला दोष देण्याआधी तिथे पाहावे.

आता आवाजाविषयी. या विषयात जितके आत्मविश्वासाने बोलले जाते तितके क्वचितच तपासले जाते, म्हणून इथे थोडे रेंगाळतो.

फ्लॅक हे २००१ साली आलेले स्वरूप असे आहे की त्यात मूळ ध्वनीचा एकही अंश गमावला जात नाही. उलगडल्यावर सीडीवर होते तेच आकडे जसेच्या तसे परत मिळतात. त्यामुळे एका प्लेअरने उलगडलेले फ्लॅक दुसऱ्यापेक्षा ‘अधिक गोड’ असणे शक्यच नाही, दोघांपैकी एक जण त्यात काही मिसळत असल्याखेरीज. एमपी३च्या बाबतीतही उलगडण्याची रीत प्रमाणित आहे आणि नीट लिहिलेल्या प्रोग्रॅमांमधला फरक कानाच्या आवाक्याबाहेरचा असतो. तरीही दोन ॲपांच्या आवाजात फरक जाणवतो, आणि तो खरा असतो. त्याची कारणे बहुतेक वेळा दोनच असतात: एका ॲपमध्ये इक्वलायझर (खालच्या-वरच्या सुरांचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणारी सोय) किंवा बास वाढवणारी सोय आधीपासूनच चालू असते, अथवा एक ॲप दुसऱ्यापेक्षा किंचित मोठ्याने वाजत असते. मोठा आवाज आपल्याला नेहमीच ‘अधिक चांगला’ वाटतो, आणि फरक एवढा थोडा असला की तो मोठेपणा आहे हे ध्यानातही येत नाही. तुलना करायची असेल, तर दोन्हींतील सर्व प्रक्रिया बंद करा, दोन्ही सारख्या पातळीवर आणा आणि कोणते ॲप चालू आहे हे दुसऱ्या कुणाला ठरवू द्या. असे करून पाहिलेल्यांपैकी बहुतेकांचे मत माझ्यासमोरच बदलले आहे. माझे स्वतःचेही एकदा बदलले.

प्लेअरमधून निघालेला ध्वनी कानापर्यंत कसा पोहोचतो याचा परिणाम प्लेअरच्या निवडीपेक्षा कितीतरी मोठा असतो. ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल, तर ध्वनी पाठवण्यापूर्वी फोन तो पुन्हा एकदा आक्रसतो. सर्व ब्लूटूथ हेडफोनांना समजणाऱ्या एसबीसी पद्धतीत उत्तम दर्जाला सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट जातात. सोनीच्या एलडॅक पद्धतीत संपर्काच्या गुणवत्तेनुसार ३३०, ६६० किंवा ९९० किलोबिट. सीडीचा मूळ प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिटांचा असतो. म्हणजे आपण जिवापाड जपलेले फ्लॅक ब्लूटूथवर फ्लॅक राहत नाही. ते वाईट ऐकू येते असे मी म्हणत नाही, रस्त्याच्या गोंगाटात तर मुळीच नाही. पण केवळ ब्लूटूथवर ऐकणाऱ्याने ‘हाय-रेझ’ची, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाची, पाटी पाहून प्लेअर विकत घेणे म्हणजे पैसे फुकट घालवणे आहे.

तारेच्या हेडफोनांचे गणित थोडे निराळे आहे. अँड्रॉइड सर्व ॲपांचे आवाज एकत्र मिसळते आणि त्यासाठी बहुतेक फोनांवर ४८ किलोहर्ट्झचा दर, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे ४८,००० नमुने, वापरते. सीडीवरून घेतलेली गाणी ४४.१ किलोहर्ट्झची असल्याने त्यांचे वाटेत रूपांतर होते. चांगल्या फोनवर हे रूपांतर ऐकू येत नाही, परंतु ते टाळायचेच असेल, तर बाहेरचा यूएसबी डॅक (आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करणारे छोटे उपकरण) आणि त्याच्याशी थेट बोलणारे ॲप लागते. यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो हे सशुल्क ॲप स्वतःचा ड्रायव्हर वापरून नेमके हेच करते. अँड्रॉइड १४ मध्ये, २०२३ साली, ध्वनीत बदल न करता तो यूएसबीवर पाठवण्याची सोय मूळ प्रणालीतच आली, पण ॲपने आणि फोनने ती वापरली तरच उपयोग. ४४.१ किलोहर्ट्झच्या ध्वनिमुद्रणात २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर मावतात आणि तरुण, निरोगी कान २० किलोहर्ट्झच्या आसपास थांबतात. म्हणून ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झच्या आकड्यांसाठी फोन भरून टाकण्याचा सल्ला मी देणार नाही. चार मिनिटांचे गाणे ३२० किलोबिटच्या एमपी३त साधारण १० एमबी होते, तर कोणतेही आक्रसन नसलेल्या सीडी-दर्जात ४२ एमबी. फ्लॅक साधारणपणे याच्या अर्ध्याहून थोडे अधिक घेते. मूळ फ्लॅक संगणकावर जपावे, फोनवर २५६ किंवा ३२० किलोबिटची प्रत न्यावी आणि वाचलेल्या जागेत जास्त गाणी ठेवावीत, ही माझी स्वतःची पद्धत आहे.

ऐकण्यात खरोखर फरक पाडणाऱ्या दोन सोयी जाहिरातींत मात्र कोपऱ्यात असतात. पहिली आहे रिप्लेगेन. जुनी ध्वनिमुद्रणे हळू आवाजात असतात आणि अलीकडची मोठ्या आवाजात. यादी मिसळून ऐकली की हात सारखा बटणाकडे जातो. २००१ साली मांडल्या गेलेल्या या पद्धतीत प्रत्येक गाण्याचा जाणवणारा मोठेपणा आधी मोजून टॅगमध्ये लिहितात आणि प्लेअर वाजवताना तेवढीच पातळी कमी-जास्त करतो. मूळ ध्वनी जागच्या जागी राहतो. यात ‘गाण्यानुसार’ आणि ‘अल्बमनुसार’ असे दोन पर्याय असतात. सलग अल्बम ऐकताना दुसरा निवडावा, नाहीतर मुद्दाम हळू ठेवलेली चीज जोरकस चीजेइतकीच मोठी होऊन बसते. मोजमाप संगणकावर करावे. फूबार२००० हा प्रोग्रॅम हे काम शेकडो फाइलींवर एकदम करतो.

दुसरी सोय म्हणजे गाण्यांमध्ये खंड न पडणे. मैफलीचे ध्वनिमुद्रण किंवा एकाच रचनेचे भाग वेगवेगळ्या ट्रॅकांत विभागलेले असतात तेव्हा हे फार जाणवते. एमपी३मध्ये ध्वनी १,१५२ नमुन्यांच्या चौकटींत, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांच्या तुकड्यांत बांधलेला असतो. शेवटची चौकट भरण्यासाठी आणि सुरुवातीच्या प्रक्रियेमुळे थोडी शांतता मिसळली जाते. लेमसारखे एन्कोडर, म्हणजे एमपी३ फाइल बनवणारे प्रोग्रॅम, किती शांतता मिसळली ते फाइलीत लिहून ठेवतात. प्लेअरने ते वाचून तेवढा भाग कापायचा असतो. कित्येक ॲप हे न करता एका गाण्यातून दुसऱ्यात विरघळणारा ‘क्रॉसफेड’ देतात आणि त्यालाच अखंड वादन म्हणतात. मैफलीच्या ध्वनिमुद्रणावर क्रॉसफेड लावला की टाळ्या टाळ्यांवर चढतात आणि सम चुकल्यासारखी वाटते.

इक्वलायझरबद्दल एकच सूचना. एखादा पट्टा ६ डेसिबलने वाढवणार असाल, तर ‘प्रीॲम्प’, म्हणजे त्यातली एकूण पातळी, तेवढाच खाली आणा, नाहीतर मोठ्या जागी आवाज फाटतो आणि दोष हेडफोनांना दिला जातो.

परवानग्यांकडे वळतो. केवळ फोनवरची गाणी वाजवणाऱ्या ॲपला ध्वनिफाइली वाचण्याची आणि सूचना दाखवण्याची परवानगी पुरते. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, ध्वनिफाइलींसाठी स्वतंत्र परवानगी आहे. छायाचित्रे पाहण्याचे कारणच उरलेले नाही. मायक्रोफोन मागणारे ॲप प्रत्येक वेळी संशयास्पद नसते, कारण गाण्याबरोबर नाचणाऱ्या रेषा दाखवण्याची अँड्रॉइडमधली सोय त्याच परवानगीच्या मागे ठेवलेली आहे. त्या रेषा नको असतील, तर नकार द्यावा, गाणी वाजतच राहतील. स्थान मागणाऱ्या प्लेअरला मी फोनवर ठेवत नाही. इंटरनेटची गरज मुखपृष्ठे, गीतांचे शब्द आणि जाहिराती यांसाठी असते, आणि आपल्या सध्याच्या ॲपला ती यांपैकी कशासाठी हवी आहे हे आपल्याला समजलेच आहे.

माझ्या पसंतीची नावे आता सांगतो. आपल्या वर्णनाला सर्वांत जवळचे म्युझिकोलेट आहे: फोल्डरनुसार पाहता येते, जाहिराती नाहीत, इंटरनेटची परवानगी मागत नाही, आणि एकाच वेळी अनेक रांगा ठेवता येतात, म्हणजे अर्ध्यावर ठेवलेला अल्बम दुसरे काही ऐकून आल्यावर तिथूनच पुढे सुरू होतो. रिप्लेगेन, बारकाईचा इक्वलायझर आणि तारेच्या हेडफोनांवर ऐकणे हे आपल्याला महत्त्वाचे असेल, तर पॉवरॲम्प घ्यावे. ते काही दिवस वापरून पाहता येते आणि मग एकदाच विकत घ्यावे लागते. त्याच्या सेटिंगा इतक्या आहेत की पहिला आठवडा ऐकण्यापेक्षा बटणे दाबण्यातच जातो. फूबार२०००ची मोबाइल आवृत्ती दिसायला रुक्ष, पण रिप्लेगेन व अखंड वादनात चोख आहे आणि आयफोनवरही मिळते. व्हीएलसी जवळजवळ कोणतीही फाइल वाजवते, म्हणून मी ते फोनवर ठेवतोच, परंतु मोठ्या संग्रहासाठी रोजचा प्लेअर म्हणून त्याची मांडणी मला अपुरी वाटते. घरातल्या कुणाकडे आयफोन असेल, तर एवढे लक्षात ठेवावे की त्याचे मूळ म्युझिक ॲप फ्लॅक स्वीकारत नाही. फाइली ॲपलच्या एएलएसी स्वरूपात बदलाव्या लागतात, आणि त्यातही दर्जा तसूभरही घटत नाही.

ऑनलाइन सेवेकडे वळावे का, हे आपण विचारलेले नाही, म्हणून एकच ओळ: तिथे ‘डाउनलोड’ केलेले गाणे त्या ॲपच्या कुलपात असते, आणि स्पॉटिफायला तर निदान ३० दिवसांतून एकदा इंटरनेटशी जोडणी लागते.

निवड पक्की करण्याआधी सगळा संग्रह नव्या ॲपवर ओतू नका. तीसेक फाइलींचे एक चाचणी-फोल्डर करा. त्यात अनेक गायकांचा एक अल्बम, दोन डिस्कचा एक संच, मैफलीचे सलग दोन ट्रॅक, एक फार हळू आणि एक फार मोठे गाणे, रोमनेतर लिपीतली काही नावे आणि तासाभराची एक फाइल असू द्या. तासाभराची फाइल मध्येच थांबवून फोन बंद-चालू करा आणि ती त्याच जागी सापडते का पाहा. हेडफोनचे बटण एकदा, दोनदा, तीनदा दाबल्यावर काय होते तेही पाहा. अर्ध्या तासात कळते.

शेवटची आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची चाचणी प्लेलिस्टची आहे. एका ॲपमध्ये मी तीन वर्षे प्लेलिस्ट आणि गाण्यांना दिलेले तारे जमवले होते. फोन बदलला तेव्हा कळले की ते सारे ॲपच्या स्वतःच्या साठ्यात होते आणि बाहेर काढण्याची वाटच नव्हती. गूगल प्ले म्युझिकसारखी मोठी सेवाही डिसेंबर २०२० मध्ये बंद झाली, तर एखाद्या लहान विकासकाचे ॲप कायम राहील असे गृहीत धरता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी पाच गाण्यांची एक प्लेलिस्ट बनवा, ती एम३यू फाइल म्हणून बाहेर काढा आणि संगणकावर साध्या मजकूर-संपादकात उघडा. आत गाण्यांचे मार्ग, म्हणजे प्रत्येक फाइल कुठे आहे तो पत्ता, ओळीने दिसतील. ते मार्ग मेमरी कार्डाच्या नावापासून सुरू होत असतील, तर नव्या कार्डावर ती यादी चालणार नाही, कारण प्रत्येक कार्डाला अँड्रॉइड वेगळे नाव देते. मार्ग प्लेलिस्टच्या जागेपासून मोजलेले असतील, तर गाण्यांसह ती कुठेही हलवता येते. पहिल्या प्रकारचे मार्ग निघाले तरी ॲप नाकारण्याची गरज नाही. मजकूर-संपादकात ‘शोधा आणि बदला’ वापरून सुरुवातीचा भाग एकाच फटक्यात बदलता येतो. फाइलच बाहेर निघत नसेल, तर मात्र ते ॲप काढून टाका आणि दुसरे पाहा.